जुनं बेट बुडवणाऱ्या भावाला

४ फेब्रुवारी

दादा,

‘प्रिय’ लिहायला घेतलं होतं, पण हात अडला. नुसतं ‘दादा’ पुरे. तेही सवयीनं.

तुझी घोषणा वाचली. ‘बेट’ ह्या खेळाची नवी आवृत्ती एप्रिलमध्ये येणार आणि त्याच दिवशी जुनी कायमची बंद होणार. सर्व्हर उतरवणार. लोकांनी वर्षानुवर्षं बांधलेली घरं, लावलेली शेतं, रंगवलेल्या होड्या, सगळं एका फटक्यात पुसणार. जुनं चालू राहिलं तर नव्याकडे कुणी फिरकणार नाही, ही खरी भीती. तू मात्र लिहिलंयस ‘तांत्रिक कारणांमुळे’. खाली तुझा फोटो आहे, हाताची घडी घातलेला, मान किंचित तिरकी. आणि फोटोखाली वाक्य: ‘एका छोट्या खोलीत, एकट्यानं सुरू केलेला हा प्रवास.’

एकट्यानं.

त्या खोलीत तीन खुर्च्या होत्या, दादा. एकीवर बसून तू कोड लिहायचास. दुसरीवर तुझा मित्र चष्म्या, जो तुझ्या कोडमधल्या चुका शोधायचा आणि वर तुझ्याच शिव्या खायचा. तिसरी माझी. तिथं बसून मी बेटाचं पान न् पान काढलं. किनारा, दीपगृह, पायवाटा, वारा सुटला की गवत कुठल्या अंगाला झुकतं ते. लोकांना जे बेट दिसतं ते माझ्या हातचं आहे. तुझं कोड कुणाला दिसत नाही.

मग खेळ चालला. पैसा घालणारे आले. त्यांना खेळामागे एकच चेहरा हवा होता. तू मला म्हणालास, ‘तू घरचीच आहेस, तुझं नाव असलं काय नि नसलं काय.’ आणि एका सकाळी खेळाच्या शेवटच्या पाटीवरून माझं नाव गेलेलं होतं. मी विचारायला आले तेव्हा तू मीटिंगमध्ये होतास. दुसऱ्या दिवशीही. मग रखवालदारालाच माझी दया यायला लागली, तेव्हा यायचं बंद केलं. इकडे आईला तू सांगितलंस की मीच सोडून गेले. ‘तिला कशातच फार दिवस रस नसतो, तुला माहीत आहे ना.’ आईनं विश्वास ठेवला. तू थोरला, तू कर्ता.

करून सवरून नामानिराळा राहायची तुझी कला लहानपणापासूनची. मी तेव्हा गप्प बसले, कारण आपलंच नाव परत मागत फिरणं मला लाजिरवाणं वाटलं. तू त्याचा अर्थ असा घेतलास की हिच्या तोंडात जीभ नाही.

जुनं बेट बंद झालेलं मला चालणार नाही. का चालणार नाही ते तुला सांगणार नाही. एवढंच सांगते की तुझा एप्रिल मी तुला गोड लागू देणार नाही.

मेल केला असता तर तुझ्या सेक्रेटरीनं वाचून कुठंतरी सरकवला असता. पाकीट तुला स्वतःच फोडावं लागेल, म्हणून कागद.


१९ फेब्रुवारी

दादा,

नोटीस पोचली असेल. नसेल समजली तर सोपी करून सांगते.

मी ज्या वकीलबाईंकडे गेले त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, ‘चित्रं काढलीत तेव्हा तुम्ही कंपनीत नोकरीला होतात?’

‘नाही. तेव्हा कंपनीच नव्हती.’

‘मग नंतर काही करार? हक्क सोडल्याची सही?’

‘कुणी मागितलीच नाही.’

‘का?’

‘भाऊ म्हणायचा, घरातल्या माणसाकडून कागद कशाला.’

वकीलबाई हसायला लागल्या. म्हणाल्या, ‘तुमचे बंधू फारच घरगुती दिसतात.’

तर गोष्ट अशी आहे की ती चित्रं माझी आहेत. दीपगृह माझं, किनारा माझा. नव्या आवृत्तीत तू त्यांनाच रंगरंगोटी करून उभं केलंयस, झाकण्याचीही तसदी घेतली नाहीस. मला नोकर म्हणून ठेवलं असतंस तर आज तू सुटला असतास. माझा एवढाही मान ठेवला नाहीस, म्हणून अडकलास.

वकीलबाईंचं म्हणणं होतं की लगेच कोर्टात जाऊन स्टे मागू. मीच म्हटलं, थांबू या. आधी त्याचा हॉल ठरू दे, पाहुण्यांना आमंत्रणं जाऊ देत, रस्त्यावर त्याचे फलक लागू देत. त्यांनी माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. ‘सख्खा भाऊ आहे ना?’ म्हणाल्या.

म्हटलं, ‘सख्खा आहे म्हणूनच. परका असता तर एवढी वाट पाहिली नसती.’


८ मार्च

दादा,

काल वहिनीचा फोन आला. तू मागे उभा राहून खाणाखुणा करत होतास की ती आपणहून बोलत होती, ते मला कळलं नाही.

‘अगं, ह्यांना झोप नाही,’ ती म्हणाली.

‘गोळी द्या.’

‘असं काय बोलतेस? घरातली गोष्ट कुणी चव्हाट्यावर नेतं का?’

‘वहिनी, मलाच घराबाहेर काढलं. मग माझी गोष्ट घरात कशी राहील?’

वहिनीबद्दल माझ्या मनात काही नाही. तुझ्याशी लग्न करून तिनं आपली शिक्षा आधीच भोगली आहे. मग आवाज खाली आणून ती म्हणाली, ‘आई विचारतात, जुनं बेट नक्की कधी बंद होणार. रोज विचारतात.’

‘का विचारतात?’

‘मला काय माहीत.’

तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं. फक्त तुला माहीत नाही, आणि तसंच असू दे.

सगळ्या गावात तुझे फलक लागले असं चष्म्यानं कळवलं. त्याचा माझा संपर्क आहे, हेही आता तुला सांगायला हरकत नाही. तूच त्याला काढलंस आणि वर म्हणालास की तो थकला होता. तो अजिबात थकलेला नाही.

वकीलबाई उद्या अर्ज दाखल करतायत.


२६ मार्च

दादा,

परवा तू समोर होतास तेव्हा मी अर्धंच बोलले. उरलेलं लिहिते.

तू थेट माझ्या कामाच्या जागी येशील असं वाटलं नव्हतं. दिवसभराचा प्रवास करून, सेक्रेटरी न घेता. आमचं ऑफिस म्हणजे एक लांबट खोली, चार टेबलं आणि डॉक्टरकीच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणाऱ्या आम्ही बायका. तू दारात उभा राहिलास आणि शेजारच्या टेबलावरची मला म्हणाली, ‘कुणी विमेवाला आलाय वाटतं.’ मी तिला सुधारलं नाही.

तू माझ्या कागदाकडे बघून विचारलंस, ‘हे काय?’

‘लहान आतडं.’

तू स्टूल ओढून बसलास. मान फोटोतल्यासारखी तिरकी नव्हती. मी रंग भरत राहिले. मुद्दाम. आतड्याला इतक्या निगुतीनं रंग मी आजवर दिलेला नाही.

‘आकडा सांग,’ तू म्हणालास.

‘आकडा नको.’

‘प्रत्येकाचा असतो.’

‘तुझा होता.’

मग मी अटी सांगितल्या. जुनं बेट चालू राहील आणि त्याची देखभाल चष्म्याकडे येईल. माझं नाव दोन्ही आवृत्त्यांवर लागेल आणि ते तू स्टेजवर उभा राहून स्वतःच्या तोंडानं घेशील. आणि आईसमोर बसून तू तिला खरं काय झालं ते सांगशील. वहिनीकरवी नाही, फोनवर नाही. समोर बसून.

नावाला तू लगेच तयार झालास. तिसऱ्या अटीवर नजर वळवलीस. आणि पहिलीवर अडलास. ‘नाव घे, पैसे घे, पण जुनं बेट कशाला हवंय तुला? तिथं आता उरलंय कोण? म्हातारीकोतारी माणसं.’

‘आई आहे तिथं,’ मी म्हटलं.

‘कोण आई?’

‘आपली. रोज संध्याकाळी. तुझ्याच घरात, तुझ्याच सोफ्यावर.’

‘आई टॅबवर पत्ते खेळते.’

‘तुला तसं वाटतं.’

तेव्हा तुझा चेहरा जो झाला, तो बघायला मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं. आता कसं घडलं तेही सांगते, म्हणजे नीट झोंबेल.

तुझ्या घरात माझं नाव काढायचं नाही, हा तुझा नियम. म्हणून आई मला फोन करायची तो बाथरूममध्ये जाऊन, कुजबुजत. कुजबुजत बोलताना आमचं हमखास भांडण व्हायचं. ती म्हणायची, ‘एवढं चांगलं चाललेलं सोडून गेलीस,’ आणि मी फोन ठेवायची. शेवटी कुणीतरी, कोण ते विचारू नकोस, तू टाकून दिलेल्या टॅबवर तिला जुनं बेट घालून दिलं. म्हातारी बाई खेळ खेळतेय म्हटल्यावर काय खेळतेय ते बघायला कोण वाकतंय?

तेव्हापासून आम्ही तिथं भेटतो. बेटावर आम्ही भांडत नाही. उत्तरेच्या किनाऱ्याला तिचं घर आहे, पुढे भोपळ्यांचा मळा. मी पाणी आणते, ती आळी करते. एका बोटानं टाइप करते, ‘जेवलीस का.’ कधी मन थाऱ्यावर नसलं की ती भोपळ्यांकडे बघतही नाही, नुसती किनाऱ्यानं चालत राहते. मी तिच्यामागून चालते. काही विचारत नाही. तुझ्या घरात त्या दिवशी काहीतरी झालेलं असतं एवढं मला कळतं.

तुझी नवी आवृत्ती त्या टॅबवर चालत नाही. आणि चालली असती तरी तिच्यात चालणंच नाही. बटण दाबलं की माणूस पोचलेला. आईला कुठं पोचायचं नाहीये, दादा.

जाताना तू म्हणालास, ‘विचार करतो.’ कर. कोर्टाची तारीख तुझ्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवसाची आहे.


१५ एप्रिल

दादा,

कार्यक्रमाच्या आदल्या सकाळी तुझ्या वकिलांनी पहिल्या दोन अटी मान्य असल्याचं लिहून दिलं, म्हणून आमच्या वकीलबाईंनी कोर्टाकडून पुढची तारीख घेतली. मला वाटलं, तू दाती तृण धरलंस. माझी अक्कल.

कार्यक्रम मी इथं स्क्रीनवर पाहिला. शेजारच्या टेबलावरचीही बघत होती. आता तिला कळलं की तू विमेवाला नाहीस.

तू स्टेजवर आलास, क्षणभर खाली पाहिलंस आणि घोगऱ्या आवाजात म्हणालास, ‘आज मी एक निर्णय मनापासून बदलतोय. जुनं बेट बंद होणार नाही. कारण तिथं माझी आई राहते.’

लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेतल्या आईवर कॅमेरा गेला. तिला तू नवी साडी नेसवून आणलं होतंस.

पुढे म्हणालास, ‘आणि माझी धाकटी बहीण,’ माझं नाव घेतलंस, ‘जिनं सुरुवातीच्या काळात चित्रांमध्ये मदत केली, तिचाही मी ऋणी आहे.’

मदत केली. स्वयंपाकात मीठ पास करावं तशी.

मी तुला जी शिक्षा दिली होती तीच तू हार करून गळ्यात घालून घेतलीस. ज्या गोष्टीसाठी तुझं नाक कापायला निघाले, तिनंच तुझं नाक वर झालं. आईला मला भेटायला पळवाट शोधावी लागली ती तुझ्यामुळे, आणि तूच ती पळवाट स्टेजवर नेऊन तिच्यावर टाळ्या घेतल्यास. वकीलबाईंना फोन केला तर म्हणाल्या, ‘शब्दशः पाहिलं तर त्यांनी अट पाळलीय.’ तुझ्याशी शब्दशः वागायचं नसतं हे मला कळायला हवं होतं.

पण एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसेल, कारण तू लोकांकडे बघत होतास. अख्खा हॉल उभा होता. आई उठली नाही. तिनं टाळीही वाजवली नाही. कॅमेरा होता तेवढा वेळ ती तुझ्याकडे अशी बघत होती, जशी आपण परीक्षेत पास झालो असं सांगत घरी आलो की आधी आपल्या तोंडाकडे बघायची.

तिसरी अट बाकी आहे आणि अर्ज मी मागे घेतलेला नाही. आठवड्याच्या आत आईशी बोल.


२३ एप्रिल

दादा,

आई इथं आहे. सुखरूप आहे. वहिनीनं गाडीत बसवून दिलं, तिला एक शब्द बोलू नकोस.

काल सकाळी दार वाजलं. उघडलं तर आई, एका हातात बॅग, काखेत टॅब, प्रवासानं पाय सुजलेले. मला मिठी मारेल असं वाटलं. ती म्हणाली, ‘तूही काही कमी नाहीस. तोंड शिवलं होतं का तुझं?’ आणि सरळ आत जाऊन खुर्चीवर बसली.

चहा घेतल्यावर सगळं सांगितलं. तू तिच्या खोलीत गेलास आणि म्हणालास, ‘आई, मधल्या काळात थोडा गैरसमज झाला होता.’

‘मी विचारलं, कुणाचा?’ आई म्हणाली. ‘तर म्हणतो, सगळ्यांचाच.’

‘मग?’

‘मग म्हटलं, मला वळणं घेऊन सांगू नकोस. माझ्या लेकीनं काम सोडलं, की तू तिला काढलंस? हा खिडकीकडे बघत राहिला. मी वाट बघितली. शेवटी म्हणाला, काढलं.’

‘तू काय बोललीस?’

‘काही नाही. कपाट उघडलं.’

हे मी मागितलं नव्हतं, दादा. आईनं तुझं घर सोडावं ही माझी अट नव्हती. पण तिची बॅग माझ्या पलंगाखाली सरकवताना मला जे वाटलं त्याला दुःख म्हणत नाहीत. तेही तुला कळावं म्हणून लिहिते.

अर्ज मागे घेतला आहे. कोर्टाचं आता काही काम उरलं नाही.

आणखी एक. चष्म्या सांगत होता की जुन्या बेटावर इतकी गर्दी झालीय की त्याला आणखी सर्व्हर घ्यावे लागले. तुझं भाषण ऐकून लोक म्हणाले, ह्याची आई जिथं राहते तिथंच जाऊ या. नव्या बेटावर शुकशुकाट आहे म्हणे. टाळ्या मात्र छान पडल्या होत्या.


११ मे

दादा,

तुझे फोन आई उचलत नाही, म्हणून तू मला केलास. इतक्या वर्षांनी तू मला ‘कशी आहेस’ विचारलंस. तुझा आवाज उतरलेला होता. ‘एकदा येऊन भेटतो, दारातूनच परत जाईन,’ असं तू म्हणालास, आणि माझा राग जागच्या जागी चुळबुळला. मी म्हटलं, आईला विचारते.

विचारलं. ती शेंगा निवडत होती.

‘नको,’ म्हणाली.

‘आई, फार लांबून येईल बिचारा.’

‘बिचारा कधीपासून झाला?’

‘अगं, पण किती दिवस असं?’

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. ‘मला भेटायचं असेल तर बेटावर ये म्हणावं. माझी लेक मला इतकी वर्षं तिथंच भेटली. का, तर ह्याच्या घरात तिचं नाव चालत नव्हतं. कसं असतं ते त्यालाही कळू दे.’

‘त्यानं स्वतः तो खेळ कधी खेळलाच नाहीये.’

‘मग शिकेल.’

मला वाटत होतं सूड माझा आहे. मी कोर्ट, वकील, तारखा असलं काय काय उभं केलं, आणि ही बाई शेंगा निवडता निवडता माझ्या पुढे निघून गेली.

निरोप जसाच्या तसा कळवला आहे. माझी ह्यात काही भर नाही.


१९ मे

दादा,

काल तू आलास.

आम्ही दोघी इथं एकाच खोलीत होतो, ती टॅबवर, मी माझ्या कॉम्प्युटरवर. नव्या माणसाला बेटावर नाव नसतं, डोक्यावर नुसतं ‘पाहुणा’ येतं. तसे काल पाहुणे पुष्कळ होते. पण एक धक्क्यावरून उतरला तो थेट पाण्यात पडला, वर आला, पुन्हा पडला, आणि मग पायवाट सोडून जंगलातून धावत सुटला. आई म्हणाली, ‘हाच.’

उत्तरेच्या किनाऱ्यावर पोचलास तो भोपळ्यांच्या मळ्यातून. तीन-चार वेल तुडवलेस. आई खडकावर बसली होती. तू तिच्यासमोर येऊन लिहिलंस, ‘आई, मी आलोय.’

तिनं एका बोटानं टाइप केलं, ‘बस.’

तू बसला नाहीस. तू तिच्याभोवती गोल गोल धावायला लागलास. मध्येच उडी मारलीस. मध्येच हातातली कुदळ काढून खडकावर आपटलीस. मला आधी वाटलं तू चिडलायस. मग लक्षात आलं, तुला बसता येत नाहीये. ते बटण तुझं नाही. मी मागितलं आणि चष्म्यानं घालून दिलं होतं, तेव्हा तू मीटिंगमध्ये होतास.

‘हा असा का करतोय?’ आईनं मला विचारलं.

‘त्याला बसायचं कसं ते माहीत नाही.’

ती बराच वेळ तुझ्याकडे बघत राहिली. तू धावतच होतास. तिचा चेहरा मला बाजूनं दिसत होता आणि त्यावर राग नव्हता, हे मला आवडलं नाही.

‘कुठलं बटण ते सांग त्याला,’ ती म्हणाली.

‘सांगते,’ मी म्हटलं.

सांगितलं नाही. इथंही लिहीत नाही. आई रोज संध्याकाळी त्याच खडकावर असेल. बटण तुझं तू शोध.